शेरा

मुख्य कार्यालयाकडून फॉर्म आलाय, दोन पानी.
पाळकांच्या कामाचे मूल्यमापन. गुण पाचपैकी.
कमिटीत आम्ही सहा जण, पण अक्षर माझं बरं
म्हणून पेन माझ्याकडे.
एकतीस वर्षं आग्रीपाड्याच्या पालिका शाळेत
पेपर तपासले मी.
उबाळे म्हणाले, "रणदिवेबाई, तुम्हाला काय, सवयच आहे."

सवय आहे. म्हणूनच हात जड झालाय.

उपदेश.
लांबतो. हे सगळ्यांना मान्य.
मोशेला तांबड्या समुद्रापर्यंत आणून
भांबळ पाळक पाण्याचा ग्लास शोधतात,
आणि इस्राएल लोक ताटकळत उभे,
मागून फारोचे रथ.
मी लिहिलं: दोन.
मग आठवलं, नाताळाआधीच्या एका रविवारी
ते मध्येच थांबले, म्हणाले,
"याच्या पुढचं मलाच अजून कळलेलं नाही,"
आणि वेदीवरून खाली उतरले.
त्या दिवशी चहाच्या वेळी
कुणी कुणाच्या फ्लॅटचा भाव विचारला नाही.
दोनाचे तीन केले.

हिशेब.
इथे खजिनदार सरसावले.
कापणीच्या सणाला लिलाव झाला,
भोपळा, नारळ, अंड्यांची टोपली,
त्यातले अठराशे रुपये पावतीविना गेले.
पाळक म्हणाले होते, "दिले एका घरी. नाव नका विचारू."
खजिनदार म्हणाले, "नाव नाही तर रकाना भरू कसा?"
बरोबरच आहे त्यांचं.
कुणाच्या घरी, ते मला माहीत आहे.
मी गप्प बसले
आणि एक लिहिला.

आजाऱ्यांच्या भेटी.
माझी बहीण सुमित्रा, केईएमला, सहावा आठवडा.
पाळक आले जिने चढून, धापा टाकत.
तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले
आणि प्रार्थना केली "आमची भगिनी सुलोचना" हिच्यासाठी.
तीनदा. सुलोचना, सुलोचना, सुलोचना.
आमेन झालं तशी सुमित्रा हसायला लागली.
सलाईनची नळी हलेपर्यंत हसली.
"ती सुलोचना शोधा कुणीतरी,
बरी होऊन बसली असेल बिचारी, कारण न कळता."
पाळकांचा चेहरा उतरला, मग तेही हसले.
शेजारच्या खाटेवरची मावशीसुद्धा हसली,
तिला तर काहीच ठाऊक नव्हतं.

शिवडीला माती देताना
त्यांनी नाव बरोबर घेतलं.
सु. मि. त्रा.
पहिलीतलं पोर बोट ठेवून वाचतं तसं.

याला किती द्यायचे?
नाव चुकलं, त्याचा एक कापता येईल.
हसण्याला रकाना नाही.

शाळेत माझी एक रीत होती.
पोराला दोन गुण कमी पडले
की पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचा.
कुठेतरी समासात
त्याने एखादी खरी ओळ लिहिलेली असते,
खोडलेली, पण वाचता येणारी.
या फॉर्मला समासच नाही,
कडेपर्यंत चौकटी.

शेवटचा प्रश्न: आणखी तीन वर्षं ठेवावे? होय / नाही.
दोघे होय. तिघे नाही.
मी अजून बोलले नव्हते.
बाहेर पान्ह्याचा आवाज येत होता.
आम्ही पाळकांना व्हरांड्यात थांबायला सांगितलं होतं,
तर ते गळक्या नळाचा वायसर बदलत बसले.
ईस्टरपासून गळतोय तो.
काम खरं तर कमिटीचं,
कामांच्या वहीत उबाळ्यांच्या नावापुढे लिहिलेलं.

पाळक दारात आले, हात ओले,
रुमाल कुठल्या खिशात ते आठवेना.
"सलाम. थांबलं पाणी."
मग किल्ल्यांचा जुडगा पुढे धरून म्हणाले,
"हा कुणाकडे देऊ?"

कुणीच हात पुढे केला नाही.
मी पेनाचं टोपण लावलं,
काढलं,
पुन्हा लावलं.